सार्वमताचा कौल आणि ब्रिटिश संसद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेक्झिटबद्दल, म्हणजे २०१६च्या सार्वमतानंतर ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला त्याबद्दल, काहीही लिहिलं की दोन प्रकारची पत्रं हमखास येतात. एका गठ्ठ्याचं म्हणणं, लोकांनी ठरवल्यावर मध्ये बोलणारे खासदार कोण? दुसऱ्याचं म्हणणं, असल्या कौलाकडे संसदेने बघायचंच कशाला? दोन्हीकडचे तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर सुटं वाचलं तरी कळेल असं ठेवलंय. जिथे दुसरीकडे सविस्तर आलंय तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. सार्वमतात एक बाजू जिंकली की निकाल आपोआप लागू होतो ना?

ब्रिटनमध्ये नाही. मतपेटीतून आकडा निघतो, कायदा निघत नाही. कायदा करायचा, बदलायचा किंवा मोडायचा तर विधेयक संसदेतच यावं लागतं. सार्वमत घेण्यासाठी केलेल्या कायद्यातच ‘कौल असा लागला तर हे लागू होईल’ असं लिहून ठेवलं असेल, तर गोष्ट वेगळी (प्रश्न ११). २३ जून २०१६च्या सार्वमताच्या कायद्यात तसं एक अक्षरही नव्हतं.

२. म्हणजे २०१६चं सार्वमत नुसतं सल्ला देणारं होतं? मग एवढा गाजावाजा कशाला?

कायद्याच्या भाषेत सल्ला देणारंच. २०१५च्या सार्वमत कायद्यात मतपत्रिकेवरचा प्रश्न काय, मतदार कोण, प्रचारावर खर्च किती करायचा, हे सगळं होतं. निकाल लागल्यावर कुणी काय करायचं, याबद्दल तो कायदा मूग गिळून बसला होता.

राजकारणात मात्र त्याला कुणीच सल्ला समजत नव्हतं. मतदानाआधी डेव्हिड कॅमेरन सरकारने घरोघरी एक पत्रक पाठवलं. निर्णय तुमचा आहे, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. त्या भरवशावर ७२.२ टक्के मतदार बाहेर पडले. १ कोटी ७४ लाखांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिलं, १ कोटी ६१ लाखांनी राहण्याच्या बाजूने. ‘आम्ही तुमचं मत फक्त विचारात घेऊ’ असं प्रचारात म्हणायची हिंमत कुणी केली असती, तर ही गर्दी झाली असती का, याची मला शंका आहे.

घोडं पेंड खातं ते इथे. वचन दिलं सरकारने, आणि ते पुरं करायचा अधिकार होता संसदेकडे. पुढची साडेतीन वर्षं जे रामायण घडलं त्याचं मूळ या फटीत आहे.

३. लोकच मालक असतील तर संसद त्यांच्या डोक्यावर कशी बसते?

‘संसद सर्वोच्च’ हे तत्त्व जन्माला आलं ते राजाला आवरायला. राजाने आपल्या मर्जीने कायदे स्थगित करू नयेत, हे १६८९च्या ‘बिल ऑफ राइट्स’ने पक्कं केलं. त्या भांडणात सामान्य माणूस पक्षकार नव्हता. सार्वमत ही कल्पनाही कुणाच्या मनात नव्हती.

देशभर घेतलेलं पहिलं सार्वमत थेट १९७५चं. त्यानंतर २०११ आणि मग २०१६. आजवर देशव्यापी सार्वमतं एवढी तीनच. एका ग्रंथात लिहिलेली राज्यघटना नसलेल्या देशात हा नवा पाहुणा आला आणि त्याला कुठे बसवायचं हे कुणी ठरवलंच नाही. त्यामुळे ‘लोक मोठे की संसद’ या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर सोपं आहे (संसद), पण ते राजकारणात बोलून दाखवणारा खासदार पुढच्या निवडणुकीत घरी बसतो.

४. मिलर खटल्यात न्यायाधीशांनी ब्रेक्झिट अडवायचा प्रयत्न केला, हे खरं का?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे, म्हणून जरा सविस्तर.

लिस्बन कराराच्या कलम ५०नुसार बाहेर पडू इच्छिणाऱ्या देशाने लेखी सूचना द्यायची. ती दिली की दोन वर्षांचं घड्याळ सुरू. ही सूचना कुणी द्यायची? पंतप्रधान थेरेसा मे म्हणाल्या, मी देते; परराष्ट्र करार करणं आणि मोडणं हा राजाकडून मंत्रिमंडळाकडे आलेला जुना अधिकार आहे, त्याला संसदेची परवानगी लागत नाही.

जीना मिलर आणि आणखी काही नागरिक न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा असा: १९७२मध्ये संसदेने कायदा करून युरोपचे नियम देशात आणले, त्यातून लोकांना हक्क मिळाले. सूचना दिली की दोन वर्षांनी ते हक्क जाणार. संसदेने जे दिलं ते मंत्र्याच्या एका पत्राने कसं काढून घेता येईल?

३ नोव्हेंबर २०१६ला लंडनच्या उच्च न्यायालयाने हे मान्य केलं. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या खपाच्या दैनिकाने तिन्ही न्यायाधीशांचे फोटो छापून त्यांना पहिल्या पानावर ‘जनतेचे शत्रू’ ठरवलं. अपिलात सर्वोच्च न्यायालयाचे सगळेच्या सगळे ११ न्यायाधीश बसले, आणि २४ जानेवारी २०१७ला ८ विरुद्ध ३ मतांनी तोच निकाल कायम झाला.

विरोधी मतही वाचण्यासारखं आहे. लॉर्ड रीड यांचं म्हणणं होतं की १९७२चा कायदा, करार लागू असतील तोवर त्यातले हक्क देशात पोहोचवतो, एवढंच. करारात राहायचं की नाही याबाबत सरकारचे हात त्याने बांधलेले नाहीत. युक्तिवाद कच्चा नाही. पण बहुमताला पटला नाही.

आता यात ‘संसद विरुद्ध जनता’ कुठे आहे? वाद होता संसद आणि मंत्रिमंडळ यांच्यातला. निकाल उलटा लागला असता तर अधिकार मतदारांच्या हाती गेला नसता, पंतप्रधानांच्या टेबलावर गेला असता. ‘खासदारांना मध्ये घेऊ नका’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट पाहावं. बाहेर पडावं की नाही यावर आपण काहीच बोलत नाही, हेही न्यायालयाने निकालात स्पष्ट केलं होतं.

५. मग संसदेच्या हातात विषय गेल्यावर तिने काय केलं?

मुकाट्याने होकार दिला. सरकारने अगदी छोटं विधेयक आणलं. त्याचा गाभा एकच, पंतप्रधान कलम ५०ची सूचना देऊ शकतात. १ फेब्रुवारी २०१७ला दुसऱ्या वाचनात ४९८ विरुद्ध ११४, आठवड्याने तिसऱ्या वाचनात ४९४ विरुद्ध १२२. सार्वमताआधी बहुसंख्य खासदार युरोपात राहण्याच्या बाजूचे होते, हे लक्षात घेऊन हे आकडे वाचा. दुसऱ्या वाचनाच्या वेळी सत्ताधारी हुजूर पक्षातून विरोधात मत देणारे केनेथ क्लार्क एकटेच होते.

१६ मार्चला राणीची संमती मिळाली, २९ मार्चला सूचना ब्रुसेल्सला पोहोचली. मे यांनी स्वतःच ठरवलेली मार्चअखेरची मुदतही चुकली नाही. ‘संसदेत गेलं की विषय कुजणार’ ही भीती निदान या टप्प्यावर तरी खोटी ठरली.

६. लॉर्ड्सच्या सभागृहाला तर कुणी निवडून दिलेलं नाही. त्यांनी नाक का खुपसावं?

खुपसलं, आणि काढूनही घेतलं. त्यांनी कलम ५०च्या विधेयकाला (प्रश्न ५) दोन दुरुस्त्या सुचवल्या: ब्रिटनमध्ये राहणाऱ्या युरोपीय नागरिकांच्या हक्कांची हमी, आणि अंतिम करारावर संसदेचं मतदान. १३ मार्चला कॉमन्सने (निवडून आलेल्या सभागृहाने) दोन्ही फेटाळल्या आणि लॉर्ड्सनी हट्ट सोडला. तसंही १९११ आणि १९४९च्या संसद कायद्यांमुळे ते सर्वसाधारण विधेयक साधारण वर्षभर लांबवू शकतात, कायमचं रोखू शकत नाहीत.

७. खासदाराने स्वतःच्या मतदारसंघाचा कौल पाळायचा, देशाचा, की स्वतःच्या बुद्धीचा?

या वादात अठराव्या शतकातला खासदार आणि विचारवंत एडमंड बर्क याचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. १७७४मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना त्याने तोंडावर सांगितलं होतं की प्रतिनिधी तुमच्यासाठी कष्ट करेल, पण स्वतःची विवेकबुद्धी तुमच्या मताच्या पायी वाहणार नाही. भाषण अजूनही उद्धृत होतं. १७८०मध्ये त्याच ब्रिस्टलमधून त्याला माघार घ्यावी लागली, हे सांगायला मात्र लोक विसरतात.

२०१६मध्ये एक व्यावहारिक घोळही होता. मतमोजणी लोकसभेसारख्या मतदारसंघांनुसार झालीच नाही. ती ३८२ मोजणी क्षेत्रांत झाली, आणि ती बहुतेक स्थानिक प्रशासनाच्या हद्दींप्रमाणे होती. उत्तर आयर्लंड तर अख्खा एकच क्षेत्र. त्यामुळे ‘माझ्या मतदारसंघाने काय सांगितलं’ याचा अधिकृत आकडा बऱ्याच खासदारांपाशी नव्हताच, अभ्यासकांचे अंदाज होते.

माझं मत विचाराल तर: ज्या खासदाराने सार्वमत घेण्याच्या विधेयकाला हात वर केला, त्याने निकाल आवडला नाही म्हणून नंतर बर्कच्या मागे लपू नये. जून २०१५मध्ये ते विधेयक दुसऱ्या वाचनात ५४४ विरुद्ध ५३ मतांनी मंजूर झालं होतं. विरोध बहुतेक स्कॉटिश नॅशनल पक्षाचा. त्यांना हा नियम मी लावणार नाही.

८. होकार दिला होता (प्रश्न ५), तर २०१९मध्ये सगळं अडलं कशाने?

मतपत्रिकेवर ‘राहा’ आणि ‘सोडा’ एवढे दोनच पर्याय होते. सोडून जायचं कुठे, हे तिथे नव्हतं. युरोपच्या एकसंध बाजारपेठेत राहून? नुसत्या सीमाशुल्क संघात (आपापसात जकात नाही, बाहेरच्यांना सगळ्यांची एकच) राहून? की सगळे धागे तोडून? या तिन्ही गोष्टी ‘सोडा’ या एका फुलीत बसतात. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सीमा उघडी ठेवायची तर यातला कुठला रस्ता चालेल, हा तिढा प्रचारात जवळपास कुणी उच्चारला नव्हता.

डिसेंबर २०१७मध्ये डॉमिनिक ग्रीव्ह या हुजूर खासदाराने सरकारविरुद्ध एक दुरुस्ती ३०९ विरुद्ध ३०५ मतांनी मंजूर करून घेतली. वाटाघाटीतून जो करार येईल तो अमलात आणण्याआधी संसदेने कायदा करून त्याला मान्यता द्यावी, असा तिचा आशय. त्या वाटेने करार सभागृहात आला तो १५ जानेवारी २०१९ला. ४३२ विरुद्ध २०२. सरकारचा २३० मतांनी पराभव. एवढी मोठी हार कॉमन्समध्ये आधी नोंदलेली नव्हती. १२ मार्चला करार पुन्हा पडला, ३९१ विरुद्ध २४२; २९ मार्चला तिसऱ्यांदा, ३४४ विरुद्ध २८६.

मधल्या काळात खासदारांनी कामकाज स्वतःच्या हाती घेतलं. २७ मार्चला आठ पर्यायांवर मतदान झालं, एकालाही बहुमत नाही. कराराविना बाहेर पडायला ४०० जण विरोधात. १ एप्रिलला चार पर्याय उरले. सीमाशुल्क संघाचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा तीन मतांनी पडला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हा करार नको, करार नसणंही नको, आणि मुळातला निर्णय रद्द करायची जबाबदारीही नको.

याचा दोष संसदेला द्यावाच लागेल, पण पूर्ण नाही. तीन मतांनी पडलेला तो प्रस्ताव पाहा: कडवे ब्रेक्झिटवाले त्याच्या विरोधात, कारण तो सौम्य, आणि राहण्याच्या बाजूचे काहीजण मतदानापासून दूर किंवा विरोधात, कारण दुसऱ्या सार्वमताची आशा. कौलात जो तपशील नव्हता तो संसदेला तयार करायचा होता, आणि प्रत्येक गट ‘लोकांना माझंच म्हणायचं होतं’ असं छातीठोकपणे सांगत होता.

९. ५२–४८ म्हणजे काठावरचा निकाल. एवढ्यावर देशाची दिशा बदलायची?

नियम आधी ठरवला असता तर वेगळी अट घालता आली असती. तसं एकदा झालंही. स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यावी का, यावरच्या १ मार्च १९७९च्या सार्वमतासाठी मजूर खासदार जॉर्ज कनिंगहॅम यांनी कायद्यात अट घातली होती की एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा. मतदान करणाऱ्यांत ५१.६ टक्के ‘हो’ म्हणाले, पण एकूण मतदारांच्या हिशेबात ते ३२.९ टक्केच भरले. विधानसभा बारगळली, आणि ‘जिंकूनही हरलो’ ही सल स्कॉटिश राजकारणात वर्षानुवर्षं राहिली.

तीच फूटपट्टी २०१६ला लावली तर ‘सोडा’ला नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ३७ टक्के मिळाले होते, म्हणजे कौल पडला असता. पण तशी अट कायद्यात नव्हती. संसदेला ती घालायला २०१५मध्ये पूर्ण मोकळीक होती. निकालानंतर ती आठवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

१०. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने तर ‘राहा’ म्हटलं होतं. त्यांच्या विधिमंडळांना नकाराधिकार नव्हता का?

नव्हता. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के मतं राहण्याच्या बाजूने पडली. मिलर खटल्यातच हा मुद्दा आला आणि यावर सगळे ११ न्यायाधीश एकमताचे होते: प्रांतिक विधिमंडळांची संमती घेण्याचा प्रघात राजकीय आहे, न्यायालय तो सक्तीने पाळायला लावू शकत नाही. जानेवारी २०२०मध्ये एडिंबरा (स्कॉटलंड), कार्डिफ (वेल्स) आणि बेलफास्ट (उत्तर आयर्लंड) इथल्या तिन्ही विधिमंडळांनी बाहेर पडण्याच्या कायद्याला संमती नाकारली. कायदा तरी झाला.

११. मग संसदेने नेमकं कधी बोलावं, मतदानाआधी की नंतर?

आधी. या सगळ्या प्रकरणावर माझं एकच ठाम म्हणणं असेल तर ते हे. आणि हे करून दाखवलेले देश आहेत.

न्यूझीलंडमध्ये १७ ऑक्टोबर २०२०ला मतदारांच्या हातात एकाच दिवशी दोन सार्वमतं होती. इच्छामरणाचा कायदा संसदेने २०१९मध्येच कलमा-कलमाने मंजूर करून ठेवला होता. बहुमताचा होकार आला तर अधिकृत निकालानंतर १२ महिन्यांनी तो लागू होईल, ही तरतूद त्यातच होती. ६५.१ टक्के ‘हो’ म्हणाले आणि ७ नोव्हेंबर २०२१ला कायदा लागू झाला. संसदेपुढे पुन्हा जायची गरजच पडली नाही. दुसरं सार्वमत गांजा कायदेशीर करण्याचं. त्याचा फक्त मसुदा होता, ‘हो’ आलं असतं तरी विधेयकाचा सगळा प्रवास बाकी होता. ते थोडक्यात पडलं, म्हणून ती परीक्षा टळली.

आयर्लंडमध्ये घटनादुरुस्ती आधी संसदेत मंजूर होते, मग लोकांपुढे जाते. मे २०१८च्या गर्भपाताच्या सार्वमताआधी सरकारने पुढच्या कायद्याचा आराखडाही जाहीर केला होता, १२ आठवड्यांच्या मर्यादेसकट. ६६.४ टक्क्यांनी होकार दिला आणि त्याच वर्षअखेर कायदा झाला. आपण कशाला ‘हो’ म्हणतोय हे मतदाराला ठाऊक होतं.

ब्रिटनला हे माहीत नव्हतं असंही नाही. २०११मध्ये मतदानपद्धती बदलण्याचं सार्वमत झालं, तेव्हा नवी पद्धत कायद्यात लिहून तयार होती आणि ‘हो’ आलं तर मंत्र्याने ती लागू केलीच पाहिजे, असं बंधनही होतं. ६७.९ टक्क्यांनी नकार दिला, विषय संपला. पाच वर्षांनी तोच धडा बाजूला ठेवला गेला, कारण ‘सोडा’ जिंकेल असं सरकारलाच वाटत नव्हतं आणि त्याचा आराखडा लिहिणं म्हणजे त्या बाजूला बळ देणं झालं असतं.

१२. कुठल्या देशाच्या संसदेने कौल सरळ धुडकावलाय का?

सरळ धुडकावणं कमी, वळसा घालणं जास्त. स्वीडनमध्ये १९५५ला सुमारे ८३ टक्के मतदारांनी गाड्या डावीकडूनच चालू द्या असं सांगितलं. संसदेने १९६३मध्ये उलटा निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७च्या पहाटे सगळा देश उजवीकडे वळला.

ग्रीसमध्ये ५ जुलै २०१५ला ६१ टक्क्यांनी देशाला कर्ज देणाऱ्यांच्या अटी नाकारल्या. त्याच महिन्यात सरकारने कठोर अटींवर नवा करार केला आणि संसदेने तो मान्य केला. नेदरलँड्समध्ये एप्रिल २०१६ला युरोपीय संघाच्या युक्रेनबरोबरच्या कराराला ६१ टक्के विरोध झाला. सरकारने युरोपीय नेत्यांकडून खुलाशाचं निवेदन मिळवलं आणि कराराला मान्यता दिली. पुढे २०१८मध्ये अशा सार्वमताचा कायदाच गुंडाळला.

स्वित्झर्लंडचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. फेब्रुवारी २०१४मध्ये स्थलांतरावर कोटा लावायचं ५०.३ टक्क्यांनी मंजूर झालं. हा कौल राज्यघटनेत गेला, म्हणजे बंधनकारक. तरी संसदेने २०१६च्या अखेरीस जो कायदा केला त्यात कोटा नव्हताच. बेरोजगारी जास्त असलेल्या क्षेत्रांत स्थानिकांना आधी संधी, एवढंच होतं. सार्वमताची सर्वाधिक सवय असलेल्या देशातही अंमलबजावणीचा दरवाजा संसदेतूनच जातो.

१३. तिढा सुटत नव्हता तर दुसरं सार्वमत का घेतलं नाही?

कायद्याने शक्य होतं. युरोपीय न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ला सांगितलंही की ब्रिटन कलम ५०ची सूचना एकतर्फी मागे घेऊ शकतो. १ एप्रिल २०१९ला, जो करार येईल तो लोकांपुढे ठेवा, हा प्रस्ताव २८० विरुद्ध २९२ मतांनी पडला.

प्रत्यक्ष करार हातात आल्यावर लोकांना विचारणं मला अयोग्य वाटत नाही. पण तशी दोन टप्प्यांची योजना आधीच जाहीर करायला हवी होती. हरलेल्या बाजूने नंतर मागितलेलं सार्वमत, हेतू कितीही शुद्ध असो, रडीचा डाव वाटतं.

१४. शेवटी सुटलं कसं?

निवडणुकीने. मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी संसद पाच आठवडे तहकूब करून पाहिली. २४ सप्टेंबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते बेकायदा ठरवलं. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या. नव्या संसदेने करार मंजूर केला आणि ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन बाहेर पडला. म्हणजे सार्वमतात न मिळालेला तपशील लोकांनी शेवटी खासदार निवडूनच दिला.

१५. एका सार्वमताचा कौल पुढच्या संसदांना किती काळ बांधतो?

कायद्याने एक दिवसही नाही. कुठलीही ब्रिटिश संसद पुढच्या संसदेचे हात बांधू शकत नाही. राजकारणात ते त्या-त्या वेळच्या पक्षांवर असतं. जून १९७५मध्ये ६७.२ टक्क्यांनी युरोपीय समुदायात राहण्याचा कौल दिला. आठच वर्षांनी, १९८३च्या जाहीरनाम्यात, मजूर पक्षाने त्यातून बाहेर पडण्याचं वचन दिलं. तो पक्ष ती निवडणूक दणकून हरला, त्यामुळे १९७५च्या कौलाचं वजन तेव्हा कुणाला तपासावं लागलं नाही.